सळई धरून बघ

दि. ४ मार्च

तीर्थरूप बाबांस,
भिंगरीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावला असाल. रागवा, पण आधी औषध घ्या आणि मग रागवा. इथे मान वर करायला फुरसत नाही. पाहणीची मंडळी सोळा तारखेला येणार. तीन दिवस सलग यंत्र चालवून शंभर किलो कोरड्या कोळशामागे पन्नास किलो तेल काढून दाखवायचं. आम्ही सेहेचाळिसावर अडलोय. पन्नास झाले नाहीत तर कारखान्याला कुलूप आणि आम्ही बावीस जण घरी.

आमचा कोळसा तपकिरी, कोवळा. निम्मं तर पाणीच. तो वाळवायचा, दळायचा, तेलात कालवून पेजेसारखा करायचा आणि जाड पोलादी भांड्यात हायड्रोजनच्या दाबाखाली चारशे अंशांवर तापवायचा. कोवळा म्हणून लवकर फुटतो, पण अंगात ऑक्सिजन फार. त्यामुळे आमचा महागडा हायड्रोजन तेलाऐवजी पाणी करण्यातच खर्ची पडतो. वाळवणी फार संथ चालते, म्हणून मी तीन दिवसांचा बारा टन कोळसा आधीच वाळवून शेडमध्ये रचून ठेवलाय. अक्कल माझीच. साहेबांनी पाठ थोपटली.

एक गंमत. आमच्या मांजरीने बॉयलरशेजारची जागा सोडून त्या ढिगावर बिऱ्हाड थाटलंय. महाराणींना तिथे जास्त ऊब लागते म्हणे.

काकूंना नमस्कार सांगा. माझी धांदल पोटात घाला आणि माया आहे तशीच ठेवा.

तुमची,
भिंगरी

दि. ७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

औषध घेतलं. आता नीट वाच.

मांजर उगाच जागा बदलत नाही. तुझा ढीग आतून तापतोय. तपकिरी कोळसा वाळवला की हवा आणि ओल अधाशासारखी ओढतो आणि त्यानेच गरम होतो. तुला हे पुस्तकात भेटलं असेलच, पण पुस्तकात बारा टनांचा ढीग नसतो. मी एकतीस वर्षं कोळशाच्या वखारीत काढलीत. सकाळी फोन केला, तर कोण्या कारकुनाने मांजरीचा निरोप ऐकला आणि हसत फोन ठेवला. म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय.

लोखंडी सळई ढिगात छातीइतकी खोल घुसव. तासाभराने काढ आणि आतलं टोक उघड्या तळव्यात धर. दहा मोजेपर्यंत धरवलं तर ठीक. नाही धरवलं तर उद्यावर ढकलू नकोस. पाणी मारू नकोस. घाईने उकरू नकोस, भुकटी उडाली की भडका होतो.

तुझे थोरले काका तशाच भडक्यात गेले, हे तुला माहीत आहे. सळई गार होती तरी ढिगाने दगा दिला, असं मी घरात सांगत आलो. ते खोटं आहे. त्या दिवशी सळई मी धरली होती आणि सहा मोजताच सोडली होती. मालगाडी भरायची राहिली होती, म्हणून दहा मोजले असं दादाला सांगितलं. तो फावडं घेऊन वर चढला. वहिनीला, तुझ्या काकूंना, आजवर सांगायचं धाडस झालं नाही.

आता हातातलं काम टाक आणि शेडकडे जा.

तुझा,
बाबा

दि. १९ मार्च

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

अक्षर पाहून घाबरू नका. सांगतेय मी, लिहितोय आमचा फिटर. माझ्या उजव्या तळव्याला पट्टी आहे. ढीग विझल्याचा फोन केला होताच, बाकीचं आता सांगते.

तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी सळई घुसवली. चार मोजतानाच हात सुटायला हवा होता, पण मी सोडली नाही. पन्नासचा आकडा डोळ्यांसमोर होता, साहेब शेजारी उभे होते, आणि मी दात खाऊन पाच, सहा म्हणत राहिले. सहाला तुम्ही आठवलात. सळई टाकली आणि रडले, बाबा. हात भाजला म्हणून नाही.

साहेब म्हणाले, पाहणीपर्यंत थांबू. मी ऐकलं नाही. मांजरीला मानगुटीला धरून बाहेर काढलं, ढिगात आग गुदमरवणारा नायट्रोजन सोडला आणि दोन दिवस हलक्या हाताने थर उतरवले. ढिगाच्या पोटात निखारे होते.

हाती लागला तेवढा कोळसा घाईघाईने नव्याने वाळवून यंत्र चालवलं. शंभरामागे त्रेचाळीस किलोच तेल निघालं. महिनाअखेर कुलूप लागणार. बावीसच्या बावीस जण आपापल्या पायांनी घरी जाणार आहोत. कुणी मला बोल लावत नाही, तेच जास्त लागतं.

काकूंना खरं काय ते सांगा. मी सांगणार नाही, ते तुम्हीच सांगायला हवं. माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची,
भिंगरी

दि. २५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. मग माझंही सांगितलं, सहापर्यंतचं. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. दोन दिवस तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मीही समोर जाऊन बसलो नाही, तोंडच नव्हतं.

आज सकाळी माझ्या टेबलावर मलमाची डबी ठेवलेली होती. खाली चिठ्ठी, तिच्याच अक्षरात: पोरीच्या हाताला दिवसातून तीनदा लावायला सांगा.

मलम सोबत पाठवतोय. माझ्याशी ती अजून बोललेली नाही. तू लवकर ये.

तुझा,
बाबा