काठोकाठ टाकीची ओटी

४ नोव्हेंबर
महापौर होऊन वर्ष झालं, पाणी अजून आठवड्यातून एकदाच. जुन्या टाकीची डागडुजी संपली एकदाची. पाणीपुरवठ्याचे कुलकर्णी म्हणाले, "मॅडम, आधी पंधरा दिवस अर्धीच भरू. काँक्रीट जुनं आहे, अंदाज घेऊ." हो म्हटलं. जलपूजन सोळाला, मुंबईहून साहेब येणार. पुढचं तिकीट त्यांच्याच हातात.

७ नोव्हें.
जेवताना ह्यांनी विषय काढला. "अर्ध्या टाकीची वटी भरतेत का कुठं? लोक हसतील की."
प्रचारात मीच बोलून बसलेय, टाकी काठोकाठ भरेल तेव्हाच ओटी भरीन. टाळ्या काय पडल्या होत्या! माहेरी कंधारला आईसुद्धा तळं सांडव्यावरून वाहायला लागल्यावरच ओटी न्यायची. कुलकर्णींना फोन केला, पूर्ण भरा. त्यांनी पुन्हा काँक्रीटचं काढलं. मग "बरं." त्या 'बरं'चाच राग आला.

१२ नोव्हें.
सोळाच्या साडीवरचा ब्लाऊज रेहानाआपाकडे शिवायला टाकला. तिचं घर टाकीच्या अगदी खाली. माझी पहिली निवडणूक तिच्याच ओट्यावरून लढले. चहा टाकत म्हणाली, "ताई, टाकीच्या खांबावरून पानी येऊन राहिलं. बाया कळशा लावून राहिल्या."
जाऊन पाहिलं. खांबाला कुणी हळदकुंकूही लावलंय. आपा खुशीत. "बरकत हाय म्हनतेत."
चहा तसाच ठेवून निघाले.

१४
सकाळीच सांगितलं, टाकीतलं पाणी उतरवा. दुपारी गेले तर धार तशीच. कुलकर्णी रजेवर. ह्यांनी परस्पर थांबवलं होतं. "आता रिकामी केली तर सोळाला भरत न्हाई."
महापौर मी, फोन ह्यांचा उचलतात. खूप भांडले. काही उपयोग...

१५
मांडव टाकीखालीच घातलाय. कळशांच्या जागी आता पिंपं.
आपाला म्हटलं, पोरींना घेऊन दोन दिवस औशाला बहिणीकडे जा, मला ह्या टाकीची भीती वाटते. हसली.
"तुमी सोता वर चढून वटी भरनार ना? मग आमाला कशाचं भ्या?"


१६, सकाळ
ह्यांना सांगून टाकलं. वर चढणार नाही. आपाच्या ओट्यावर बसणार. गल्ली खाली होईपर्यंत, टाकीतलं पाणी उतरेपर्यंत हलणार नाही. बघू मग कोण कुणाचा फोन उचलतं.
हे आरशापुढे जॅकेटची बटणं लावत होते. "बस की. फोटो झकास येईल."
साहेबांची गाडी शहराजवळ, विष्णुपुरीपर्यंत आली म्हणे.
आपाचा आत्ताच फोन. "ताई, ब्लाऊज तयार हाय, पर वला झाला. मशीनमागची, टाकीकडची भिंत पाझरून राहिली."
पोरींना बाहेर काढ म्हणून ओरडले. मांडवातले स्पीकर लागलेत, तिला ऐकू गेलं की नाही कळलं नाही. निघतेय.