डेपुटीसाहेबांचा त्याग

१४ मार्च १९५५, सोमवार

नवऱ्याची संमती! अर्जाच्या शेवटच्या पानावर ठळक छापलंय — 'विवाहित स्त्री-उमेदवारांनी पतीची लेखी संमती जोडावी.' शिष्यवृत्ती एम.एड.ची. शिकायचं मी, वर्षभर मुंबईच्या वसतिगृहात राहायचं मी, आणि संमती ह्यांची! आमच्या शाळेतले चिंतामणी मास्तरही अर्ज करताहेत. त्यांच्या बायकोची संमती कुणी मागितली का? ती बिचारी म्हणत असेल, दोन पोरं नि म्हातारी सासू माझ्या गळ्यात टाकून हे चालले कुठे?

ह्यांनी सही केली मात्र हसत हसत. "घे बाई, माझा अडथळा नको." खाली अशी रेघ ओढली की कागद फाटायचाच बाकी राहिला. मग माझा राग जरा उतरला.

शिष्यवृत्ती देणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष आमचे मामंजी. म्हणून अर्ज त्यांच्याकडे मागितला नाही. कल्याणला जाऊन आणला, भर उन्हात. उगाच लोकांनी बोलायला नको.

१५ मार्च

हेडमास्तर म्हणतात, "पोरांनी पुढे काय करावं हे सांगायला एम.एड. कशाला हवं? बाप सांगतोच की!" तोंडावर काही बोलले नाही. इथे लिहिते — गाढव!

२७ मार्च, रविवार

कल्याणला निबंधाची परीक्षा झाली. वहीवर नाव नाही, नुसता नंबर. वह्या पुण्याच्या दोन प्राध्यापकांकडे जाणार, नंबरांची यादी तेवढी परत येणार. ही पद्धत मामंजींनीच घातली. सगळी नोकरी शाळाखात्यात, शाळा तपासणारे डेपुटी म्हणून काढली, वशिले उभ्या आयुष्यात पाहिले. ओटीवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "वशिल्याला फटच ठेवली नाही मी." खरंच ठेवली नाही. मला आवडतं त्यांचं हे. सबंध बदलापूर गावात एवढा सरळ माणूस नाही.

विषय होता 'शालेय विद्यार्थ्यांस व्यवसाय-मार्गदर्शन'. मोठमोठी वाक्यं पाठ करून गेले होते. ती सगळी बाजूला ठेवली आणि लाजवंतीबद्दल लिहिलं.

लाजवंती माझ्या वर्गात आहे. उल्हासनगरच्या निर्वासितांच्या पाच नंबर कॅम्पातून येते. बराकीतली एक खोली, त्यात घरभर पापड वाळत घातलेले. तिच्या वह्यांनाही हिंगाचा वास. गणितात अशी की मी फळ्यावर उदाहरण पुरं लिहायच्या आत हिचं उत्तर तयार. परवा शाळा सुटल्यावर थांबली. "टीचर, मी काय बनू? बाबा बोलतो, पापड लाट. आप बोलो ना, मैं क्या बन सकती?"

मी तिला उत्तर देऊ शकले नाही. डॉक्टर, मास्तरीण, नर्स — एवढं म्हटलं आणि गाडी अडली. पुढे काय असतं, त्याला काय शिकावं लागतं, कुठे, कसं, ही पोर कशात चमकेल — मला काही ठाऊक नाही. मला तरी कुणी सांगितलं होतं? मास्तरकीसाठी बी.टी. केलं ते माहेरच्या शेजारणीनं केलं होतं म्हणून! हे सगळं निबंधात लिहिलं. शिष्यवृत्ती मिळाली तर आधी हेच शिकून येणार.

९ एप्रिल, शनिवार

पहिली! मी पहिली!!

संध्याकाळी पुण्याचं पाकीट आलं. मामंजींनी ओटीवर फोडलं, मोठ्यानं वाचलं — "पहिला क्रमांक, सतरा नंबर." माझे हात पिठात होते. तशीच बाहेर धावले. "सतरा मी! मामंजी, सतरा मी!" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचलं. "मालिनी, तू?" डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी पाहिलं. सासूबाईंनी हातावर साखर ठेवली आणि माझ्या पिठाच्या हातांवरून हसल्या.

हे कारखान्यातून आले. ऐकलं. "वा!" म्हणाले आणि पाय धुवायला गेले. दमले होते.

उद्या मंडळाची बैठक. नुसता उपचार. जूनमध्ये मी मुंबईत!

१० एप्रिल

आज सगळं लिहिणार.

बैठक आमच्याच ओटीवर होती. मी दाराआड कॉफीचं तबक घेऊन उभी. मामंजी बोलायला लागले. आवाज एरवी खणखणीत, आज अगदी खाली. "सतरा नंबर माझ्या सुनेचा आहे. अध्यक्षाच्या घरात शिष्यवृत्ती जाणं तत्त्वाला धरून नाही. मी नाव मागे घेतो."

मी नाव मागे घेतो! नाव कुणाचं? निबंध कुणाचा? कल्याणच्या उन्हात कोण गेलं होतं? मी तिथे दोन हातांवर होते. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

चिटणीस भगवंतराव म्हणाले, "धन्य आहे डेपुटीसाहेब!" आणि टाळ्या. टाळ्या! शिष्यवृत्ती दुसऱ्या नंबरला, म्हणजे चिंतामणी मास्तरांना. ठराव पास. तबक तिथेच जमिनीवर ठेवलं आणि मागच्या दारी गेले. त्यांनी कॉफी प्यायली की नाही, देव जाणे.

मी शिकायला जायचं तर नवऱ्याची लेखी संमती लागते. मला घरी बसवायला सासऱ्यांचा नुसता शब्द पुरतो! त्याला कागद नको, सही नको, काही नको. आणि तत्त्व म्हणे! तत्त्व त्यांचं, मग किंमत त्यांनी द्यावी. अध्यक्षपद सोडायचं होतं! ते सुचलं नाही? वशिला नको म्हणून तर नावं झाकली होती ना? मग झाकून लागलेला नंबर उघडल्यावर खोटा कसा झाला?

हे म्हणाले, "फार अन्याय झाला तुझ्यावर. पण वडिलांपुढे मी काय बोलणार?" पाठीवरून हात फिरवत बसले. तेव्हा रडू फुटलं.

११ एप्रिल

वर्गात सबंध तास ओरडत होते. पोरी घाबरल्या.

१६ एप्रिल, शनिवार

चैत्रगौरीचं हळदीकुंकू. आंब्याची डाळ वाटावी तसं माझं भाग्य वाटत होत्या बायका. अंजनीकाकू हनुवटीला हात लावून म्हणतात, "असे सासरे मिळायला पुण्य लागतं गं! घरात आलेली लक्ष्मी परत पाठवली."

मी म्हटलं, "काकू, तुमच्या बाळाचा पहिला नंबर आला आणि त्याच्या आजोबांनी तो शेजारच्या मुलाला देऊन टाकला, तर हळदीकुंकू कराल का?"

कुणीतरी पन्हं मागितलं. सासूबाईंनी मागून दंडाला चिमटा काढला. घरी येताना वाटभर बोलल्या नाहीत. मला वाटलं रागावल्या. पण घरी आल्यावर लाटणं माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "जा, पड जरा." ह्या बाईचंही काही कळत नाही.

१९ एप्रिल

चिंतामणी मास्तर पेढे घेऊन आले. आले ते आले, वर म्हणतात, "वहिनी, तुमच्याकडे मार्गदर्शनावरची टिपणं आहेत म्हणे. जूनपर्यंत मिळतील का? मला त्या विषयातलं तसं काहीच माहीत नाही." काहीच माहीत नाही!! किती निष्पाप चेहऱ्यानं सांगावं!

म्हटलं, "उंदरांनी खाल्ली."

टिपणं फडताळात वरच आहेत. देणार नाही. क्षुद्रपणा आहे, माहीत आहे. असू दे. पेढा मात्र खाल्ला. चांगला होता, त्याचाही राग आला.

२४ एप्रिल, रविवार

आज कळस झाला. मामंजींचा जाहीर सत्कार!

गेल्या आठवड्यात इथल्या साप्ताहिकात मजकूर आला होता — 'श्री. विष्णुपंतांनी आपल्या सुनेचे नाव मागे घेऊन निःस्पृहतेचा आदर्श घालून दिला.' सुनेचे नाव! ते नाव काय, हे कुठेच छापलं नाही. त्यावरून वाचनालयाच्या मंडळींना हुक्की आली. शाल, श्रीफळ, हार, भाषणं. आणि पोहे कुणी करायचे? घरच्यांनी. म्हणजे मी. पहाटे उठून परातभर पोहे केले. कांदा चिरताना डोळे वाहिले ते कांद्यानंच. रडायला मला वेळ नव्हता.

भगवंतराव भाषणात म्हणाले, "घरच्या माणसाचे हित बाजूस सारणारे किती आहेत?" मी बायकांच्या बाजूला बसून मनात म्हटलं, गावात घरोघरी आहेत. घरच्या बाईचं हित बाजूला सारायला काय लागतं?

मामंजी उत्तराला उभे राहिले. शाल खांद्यावरून घसरत होती. "मी याला पात्र नाही," एवढंच म्हणाले आणि बसले. झालं! "काय हा विनय!" पुन्हा टाळ्या. खरं बोलले तरी टाळ्याच.

हे माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन आले. तिसरा ह्या आठवड्यातला. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली, एवढे गजरे एका आठवड्यात कधी आले नव्हते. म्हणाले, "तुझं दुःख मला बघवत नाही."

२५ एप्रिल

बारवीच्या रानातून मोळी घेऊन येतो तो मोळीवाला देऊ आज मागच्या दारी उभा. काळ्याभोर उघड्या अंगावर मामंजींची सत्काराची शाल! म्हटलं, अरे देऊ, हे कुठून आणलंस? "डेपुटीसायबांनी दिली. म्हनले, ने बाबा, मला सोसत न्हाई."

एप्रिलात लोकर कुणाला सोसेल! पण ही देण्याची हौस बघा. सुनेची शिष्यवृत्ती मास्तरांना, सत्काराची शाल मोळीवाल्याला. त्यागावर त्याग! आता ह्याचाही सत्कार ठेवा. मी आहेच पोहे करायला.

२ मे

शाळेला सुट्टी लागली. लाजवंती निकालपत्र घेऊन आली. गणितात पैकीच्या पैकी. "टीचर, आप बंबई जानेवाली थीं ना? शिकून येऊन मला सांगणार होता?"

म्हटलं, आता चिंतामणी मास्तर जाणार.

"ते? वो तो मुझे गणित भी नहीं बता पाते." मग निकालपत्राची घडी घालत, "तो मेरे को कौन बताएगा?"

मी रागावले तिच्यावर. "घरी जा," म्हटलं. ती गेली. शाळेच्या फाटकापर्यंत मागे वळून बघत गेली. ह्या पापाचे धनी मामंजी. मी नाही.

२० मे

मामंजींशी मी गेला महिनाभर बोलत नाही. चहा पुढे ठेवते, बशी जरा आपटूनच. ते मुकाट्यानं पितात. पूर्वी पेपरातलं वाचून दाखवायचे, आता मी ओटीवर आले की पेपर तोंडापुढे धरतात. धरू देत! लाज वाटत असेल तर बरंच आहे.

ह्या घरात माझ्या बाजूचं माणूस एकच, हे. परवा कल्याणला सिनेमा दाखवला. काल नवं पेन आणलं. "पुढच्या वर्षी बघू, घाई काय?" म्हणतात. पुढच्या वर्षीही अध्यक्ष मामंजीच, म्हटलं. त्यावर उठून पाय धुवायला गेले.

२७ मे, शुक्रवार

शेवटी बोललेच. मामंजी एकटे होते ओटीवर. म्हटलं, "मामंजी, एकदाच विचारते. जगात एवढी नावं होती, तुमच्या तत्त्वाला माझंच नाव सापडलं?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. मग, "चुकलं माझं, मालिनी."

"मग का केलंत?"

"ते मला सांगता यायचं नाही."

मी म्हटलं, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या शाळा तपासल्यात, घरात एक बाई शिकतेय ते मात्र तुम्हाला सहन झालं नाही!" फार लागेल असं बोलले. लागलंही. उठताना त्यांना खांब धरावा लागला. मला वाईट वाटलं नाही. नाही म्हणजे, वाटलं. पण राग त्याहून मोठा आहे.

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या.

२९ मे, रविवार

सासूबाईंना राहवलं नाही. दुपारी मला माजघरात बसवलं आणि म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना आता आणखी बोल लावू नकोस. त्यांच्या अंगावरचं मास उतरलं. तुझा निकाल आला त्या रात्री श्यामनं पाय धरले त्यांचे. रडला. म्हणाला, ती मुंबईला राहिली तर परत यायची नाही. सही करताना वाटलं होतं, कुठे नंबर लागतोय! आता मी नको म्हटलं तर मी वाईट ठरतो. अप्पा, तुम्ही म्हणा. तुम्ही म्हटलंत तर ते तत्त्व होईल."

श्यामकांत. सहा वर्षांत आज पहिल्यांदा त्याचं नाव लिहिलं. तो अंगणात होता. विचारलं. नाही म्हणाला नाही.

मी परत येणार नाही, हे माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. आज आलं.