आईचा आवाज आठ जीबीत

३ जून, सकाळी
आईच्या घशाचं ऑपरेशन वीस तारखेला. स्वरयंत्र काढणार, म्हणजे नंतर बोलणं बंद. ताईने महिनाभर तिच्या मागे लागून एकतीस व्हिडिओ काढलेत. आई पेपर वाचतेय, आम्हाला हाका मारतेय, शेजारणीला नावं ठेवतेय. एकूण बासष्ट जीबी. सांभाळायचं काम अर्थातच माझ्याकडे. घरात तांत्रिक डोकं दुसऱ्या कुणाला आहे?

४ जून
ड्रॉवरमध्ये आठ जीबीचा पेनड्राइव्ह सापडला. बायको म्हणाली, मोठी डिस्क विकत आण. तिला कॉम्प्रेशन समजावून सांगितलं. मध्येच उठून गेली.
संकल्प: क्वालिटीला धक्का न लावता बासष्टचे आठ.

७ जून
बावीसवर आलो. लॅपटॉप तव्यासारखा तापलाय. आता या बावीसलाच पुन्हा दाबायचं. लोकांना हे सुचत नाही.

१० जून
अकरा! डोळ्यांत तेल घालून तपासलं. आईच्या चष्म्याची काडी जशीच्या तशी. तपासताना आवाज बंद ठेवतो. काल चुकून चालू राहिला, तिने माझं लहानपणीचं नाव घेतलं, आणि मला उठून गॅलरीत जावं लागलं. अशाने कामं होत नसतात.

१२ जून
ताईचा फोन. तिचा मोबाईल भरलाय. म्हटलं, तुझ्याकडचे बिनधास्त पुसून टाक, माझ्याकडे सगळं आहे. ती घुटमळली. ऐकून बघितलंस ना, असं दोनदा विचारलं. मोठी असली तरी संशयीपणाला काही मर्यादा? शेवटी मी चिडलो, तेव्हा पुसले.

१५ जून
चारशे एमबी जास्त होतायत. तेवढ्यासाठी अडलंय. चित्राला तर आता हात लावणार नाही.

१५ जून, दुपारी
सापडलं. सॉफ्टवेअरमध्ये खाली एक वेगळा रकाना आहे, आवाजाचा. आकडा होता १२८. खाली खाली नेत ८ वर आणला. सगळं बसलं! चित्रावर ओरखडाही नाही. स्वतःवरच खूश आहे.

१६ जून
मूळ फाइल्स उडवल्या. कचरापेटीही रिकामी केली. अर्धवट काम मला आवडत नाही. बायको म्हणाली, निदान एकदा आवाज लावून बघा. बघू रविवारी.
संध्याकाळी ताईचा फोन. डॉक्टरांनी तारीख अलीकडे घेतली. उद्याच ऑपरेशन. आईला आजपासून बोलायची मनाई.

१७ जून
ऑपरेशन नीट झालं. देवाची कृपा. पेनड्राइव्ह दिवसभर खिशात होता. सारखा चाचपत होतो.

१८ ते २३ जून
धावपळ. रविवारी ऐकायचं राहिलं.

२४ जून
आई उशीला टेकून बसली. वहीत लिहिलं, 'माझा आवाज लाव.' लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. चित्र अप्रतिम. आवाज मात्र बादलीत तोंड घालून कुणी बोलावं तसा. गुळगुळ, मध्येच खरखर, शब्द एकही नाही. दुसरा व्हिडिओ लावला. तिसरा लावला. आई अगदी लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने वही ओढली आणि लिहिलं, 'हे कोण बोलतंय?'
मी सांगितलं, तूच.
तिने मान हलवली. नाही.
बाहेर येऊन ताई म्हणाली, जाऊ दे, मूळ फाइल्स आहेत ना, त्याच उद्या घेऊन ये.
मी हो म्हणालो.