सुकरीच्या घरचा भात

कोसंबी रोड स्टेशन, जि. चांदा
११ डिसेंबर १९५७

सौ. वेणूस आशीर्वाद.

तुझं पत्र परवाच्या गाडीने मिळालं. आईंना आता उठून बसता येतं हे वाचून बरं वाटलं. माझी काळजी नको. पोळ्या जमत नाहीत, म्हणून दोन्ही वेळा भातच लावतो. धान निघालं, मालधक्क्यावर पोती येऊन पडली आहेत. कॉलेजची मुलं सकाळच्या गाडीने उतरतात आणि फलाटावर पूर्वीसारखाच गोंधळ घालतात. संध्याकाळी गार्ड नानाजी झेंडी काखेत धरून अजून तेच विचारतो, "मास्तर, पोरी आल्या काय सगळ्या? का इंजनाले अजून पानी पाजू?"

गुणवंतरावांची कमळा कशी आहे, हे तू दोन्ही पत्रांत विचारलंस.

ती कॉलेजला येत नाही.

गुणवंतरावांच्या ओट्यावर बसून "पोरीला कॉलेजात पाठवा, तिची जबाबदारी आमची" असं तू त्यांना सांगितलंस, तेव्हा मी शेजारीच होतो. म्हणून लिहायला इतके दिवस गेले.

सहामाहीचा पेपर लांबला. त्याच दिवशी गाडीत वरिष्ठ साहेब होते, त्यामुळे गाडी कधी नव्हे ती वेळेवर आली आणि नानाजीला थांबवून धरता आली नाही. कमळा धावत फलाटावर पोचली तेव्हा शेवटचा डबा सिग्नलपलीकडे गेला होता. पुढची गाडी सकाळी. घरात मी एकटा; तिला आपल्याकडे ठेवलं तर लोक काय म्हणतील? म्हणून फाटकवाल्या बुधूच्या बायकोपाशी, सुकरीपाशी, तिला झोपायला पाठवलं. गुणवंतरावांकडे निरोप धाडला. आपण फार जपून वागलो असं मला वाटलं. पोर सकाळपासून उपाशी होती. सुकरीने भात आणि लाखोरीचं वरण वाढलं, ती जेवली.

सकाळी गुणवंतराव आले ते जातीतली मंडळी घेऊन. फलाटावरच, सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "मास्तर, पोरगी गोंडाच्या घरी झोपली, ते ठीक हाय. पन तिथी जेवली तं नाई ना?"

मी म्हणालो, "जेवली. भूक लागली होती तिला. त्यात काय वाईट?"

मंडळींतला लटारू पाटील हसला. "घ्या! आता मास्तरच सांगून राह्यले."

बुधू जवळच उभा होता, त्याने सगळं ऐकलं. सुकरी तेव्हापासून आपल्या अंगणात येत नाही.

जातीला जेवण देऊन पोरीला शुद्ध करून घेतलं. वैरागडचं स्थळ आलं. माघात लग्न आहे.

रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. भांडायचंच ठरवलं होतं. त्यांनी मला गोठ्यामागे नेलं.

"मास्तर, पोरगी रातभर उपाशी नसन राह्यली, येवढं मले समजत नाई काय? मंग मी मंडळी तुमच्यापाशी काऊन आनली? मी नाई म्हटलं असतं तं कोनी मानलं नसतं. तुमचं मानलं असतं. येक नाई म्हनाले तुमचं काय जात होतं?"

"मग आता?"

"आता काई नाई. च्या घ्या."

वेणू, त्यांनाही तिला शिकवायचं होतं. माणूस माझ्याकडे मदत मागत होता आणि मला ते कळलं नाही. बुधूच्या देखत नाही म्हटलं असतं तर सुकरीने वाढलेलं ताट मीच नाकारल्यासारखं झालं असतं, असं मी मनाला सांगतो. पण त्या क्षणी माझ्या मनात सुकरी नव्हती. खरं बोलतो याचा मला अभिमान आहे, तो होता.

चहा कमळाच घेऊन आली. कप ठेवताना तुझी आठवण काढून हळूच म्हणाली, "बाई कवा येतीन? त्या बोलल्या का बाबा ऐकतीन."

मी तिला म्हणालो, "येतील लवकर. त्या समजावतील, मग ऐकतील तुझे बाबा." हे खोटं बोलायला मला क्षणही लागला नाही.

आईंना नमस्कार सांग. तू लवकर ये म्हणू की इतक्यात येऊ नकोस म्हणू, ते मला ठरवता येत नाही.

तुझा शब्द राखू न शकलेला,
त्र्यंबक