बांधाआडच्या खाजणाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, धंद्याने होडीदुरुस्तीवाली, वयाने सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी अधू पण डोक्याने शाबूत, हे मृत्युपत्र माझ्या शेडमध्ये, माझ्याच खुर्चीत बसून लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा धाक नाही, भीड नाही, आणि गोड बोलून माझ्याकडून काही लिहून घेणे आजवर कोणाला जमलेले नाही. डॉक्टरांनी सकाळीच तपासून दाखला दिला. "डोकं ठिकाणावर आहे, जरा जास्तच आहे," असे ते म्हणाले. दाखल्यात त्यातले अर्धेच लिहिले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

कलम १. शेड आणि वरच्या दोन खोल्या. या माझ्या मुलाला मिळाव्यात. अट एकच: माझा जोडीदार मिस्त्री, ज्याला सगळा काठ लांब्या म्हणतो, त्याच्या हातात हातोडा उचलण्याचे बळ आहे तोवर शेड त्यानेच चालवावी. मुलाने शहरातून फोन करून त्याला फळ्या कशा ठोकाव्यात हे सांगू नये.

कलम २. हत्यारे. वाकस, रंधे, पटाश्या आणि फटी बुजवण्याचे सगळे सामान लांब्याला. ही हत्यारे माझ्या वडिलांची. ते होड्या बांधत. माझ्या सासऱ्यांनी खाडीच्या फाट्यावर मातीचा बांध घातला, आतली खारी जमीन कोरडी करून शेती करायची ठरवली, तेव्हा बांधातले लाकडी दार माझ्या वडिलांनी करून बसवले. ओहोटीला आतले पाणी बाहेर जायचे आणि भरतीला दार आपोआप मिटायचे. थेंब आत येत नसे. त्या कामावर खूश होऊन सासऱ्यांनी मला सून करून घेतले. मी त्या घरात दारामागून आले असे आमचे हे मला चिडवायचे.

कलम ३. बांधाआडचे खाजण, म्हणजे तीच आतली खारी जमीन. या कलमासाठीच मी वकिलांना बोलावले आहे, म्हणून ते नीट लिहिते.

शेती काही पिकली नाही. जमिनीतले मीठ हटेना. मग सासऱ्यांच्या माघारी धाकट्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, ती कोळंबीच्या तळ्यांसाठी भाड्याने दिली. तळीवाल्यांनी आतली खारफुटी तोडली. जी तोडली नाही ती उभ्या उभ्या वाळली. तळ्यांत औषधे पडत आणि ते पाणी दारातून खाडीत जाई. बगळे दिसेनासे झाले, त्याचे मला तेव्हा फारसे काही वाटले नाही हे खरे. मला कळले ते होड्यांवरून. दुरुस्तीला यायच्या त्या होड्या मोडीत काढायला येऊ लागल्या. जाळ्यात काही लागत नसेल तर कोण होडीला नवी फळी घालील?

आमचे हे गेले त्या वर्षी विद्यापीठातली एक मुलगी बांधावर चालायची परवानगी मागायला आली. पक्षी मोजायची, म्हणून आम्ही तिला मोजणीवाली म्हणतो. मी तिला विचारले, "बाहेरच्या खाडीतली मासळी कुठे गेली?"

तिने शहाणपणा मिरवला नाही. चिखलात बसून काडीने खाडी काढून दाखवली. म्हणाली, "मोठे मासे बाहेर असतात, काकू, पण पिल्लं वाढतात आत, उथळ पाण्यात, मुळांच्या आडोशाला. तो आडोसा बांधाने बंद केला. तुमच्याच नाही, दोन्ही काठांवर असे बांध आहेत. पण तुमच्या आतलं खाजण सगळ्यात मोठं."

तळ्यांचा करार संपत आला होता. भाऊजी नवा कागद घेऊन आले. मी सही केली नाही. मी त्यांना म्हटले, "पेठेतल्या मोठ्या घरातला माझा अर्धा हिस्सा तुम्ही घ्या. खाजणातला तुमचा हिस्सा मला द्या." ते हसले, आणि माझे मन बदलेल या भीतीने दुसऱ्याच दिवशी नोंदणी करून मोकळे झाले.

तळी रिकामी झाल्यावर एका दुपारी, ओहोटी लागली असताना, लांब्या आणि मी दार काढायला गेलो. कोणीतरी वर्दी दिली. भाऊजी बांधावरून धापा टाकत आले, मागे निम्मी पेठ.

"वहिनी, हे दार तुमच्या वडिलांनी बसवलंय."

"म्हणून तर ते कसं निघतं हे मला ठाऊक आहे."

"जमीन बुडेल."

"ती पाण्याचीच होती, भाऊजी."

"तुम्हाला वेड लागलंय," ते सगळ्यांसमोर म्हणाले. मी बिजागरीची खीळ सोडवत राहिले. दार निघायला वेळ लागला. ते काम वडिलांनी इतके चोख केले होते की एकही सांधा ढिला नव्हता.

पुढची दोन वर्षे वाईट गेली. काळा गाळ वर आला, वास पेठेपर्यंत गेला. जवळच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले. भाऊजींचे तेवढे म्हणणे खरे निघाले. नळावर बायका मला बघून नाकाला पदर लावत. मुलगा म्हणाला, "आई, चिखल विकत घेणारी तू पहिलीच." मला रात्री झोप लागायची, पण दिवसा खाजणाकडे बघवत नसे.

मग खेकड्यांनी बिळे पाडली. भरतीबरोबर खारफुटीच्या शेंगा वाहत आल्या आणि रुतल्या. कोणी लावल्या नाहीत. बोई माशाची पिल्ले आत शिरली, त्यांच्यामागे खंड्या आला, आणि एका हिवाळ्यात तुतवार पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरले. मोजणीवाली दुर्बीण माझ्या हातात देऊन रडली. त्यानंतर होड्या पुन्हा दुरुस्तीला येऊ लागल्या. बंदराच्या तोंडाशी वाळूउपसाही त्याच सुमारास बंद झाला, त्याचे श्रेय मी घेत नाही. बाकीचे घेते.

माझी सून लग्नानंतर पहिल्यांदा आली ती पांढरे बूट घालून. मुलगा खोलीत फोनवर होता, ही खाजणात. परत आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात. म्हणाली, "आई, काठावर माशांचे खवले असलेली विष्ठा आहे, आणि घसरल्याच्या खुणा. पाणमांजर असेल?" मी म्हटले, पाणमांजर या खाडीतून माझ्या लहानपणीच गेले. ती ऐकेना. सुट्टी वाढवून रोज संध्याकाळी शेडच्या खिडकीत बसली, मलाही बसवले. आणि एकदा आई पुढे, तीन पिल्ले मागे, अशी वरात आमच्या डोळ्यांसमोरून दाराच्या मोकळ्या जागेतून आत गेली. त्या खिडकीत मला जेवढा अभिमान वाटला तेवढा मुलगा झाला तेव्हाही वाटला नव्हता. त्याने हे वाचून वाईट वाटून घेऊ नये. घेतलेच तर बायकोला विचारावे.

म्हणून संपूर्ण खाजण मी माझ्या सुनेच्या एकटीच्या नावे करत आहे. बांधाला पुन्हा दार बसवू नये. खाजण भरून बोटींचा धक्का बांधू पाहणाऱ्या कंपनीचा माणूस अजूनही मिठाईचा डबा घेऊन येतो. डबा ठेवून घ्यावा, माणूस परत पाठवावा.

कलम ४. धाकटे भाऊजी. त्यांनी हल्ली मोटरबोट घेतली आहे आणि ते प्रवाशांना पक्षी दाखवायला खाजणात आणतात. इंजिनाच्या आवाजाने थवे उठतात, आणि थवा उठला की दिवसभर खाल्लेले उडण्यातच जाते, असे मोजणीवाली सांगते. तरी त्यांना बंदी करू नये. आत वल्ह्यांनी यावे. त्यासाठी मी स्वतः तासलेली वल्ह्यांची जोडी त्यांना द्यावी. "आमच्या घराण्याने पाणी सोडलं," असे ते प्रवाशांना सांगतात हे माझ्या कानावर आहे. सांगू देत. फक्त 'घराण्याने' च्या जागी 'वहिनींनी' म्हणावे.

कलम ५. बँकेत जे उरेल ते मोजणीवालीला पक्षी मोजायला होडी घेण्यासाठी आणि तिच्यानंतर जो कोणी मोजायला येईल त्याच्यासाठी. काठावर माझ्या नावाची पाटी लावू नये. पाटीवर बसून खंड्या ती घाणच करणार.

मिळकतीचे वर्णन. वकिलांनी सरकारी उताऱ्याप्रमाणे 'पडीक जमीन' असे लिहून आणले होते. मी हरकत घेतली. ते म्हणाले, "बाई, तिथं पीक नाही, वस्ती नाही, मग दुसरं काय लिहू?" मी त्यांना ओहोटीच्या वेळी बांधावर नेले. ते चिखलात उतरले आणि खेकड्यांची बिळे बोटांनी चाचपून आले. परत आल्यावर त्यांनी पेन माझ्याकडे दिले. वरील वर्णनातील 'पडीक' हा शब्द मी स्वतः खोडला असून त्या जागी 'राहती' असे लिहिले आहे. खाडाखोड माझी आहे आणि शुद्धीवर केलेली आहे.

लिहून देणार: होडीदुरुस्तीवाली (सही, खोडलेल्या शब्दाशेजारी आणखी एक सही)

साक्षीदार पहिले: तपासणारे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरे: लिहून घेणारे वकील (सही, बोटांना चिखल असल्याने कागदावर डाग, डाग ग्राह्य धरावा)

ठिकाण: खाडीकाठची शेड
दिनांक: ११ मार्च, भरती लागताना