मोरीच्या खिडकीचे खिळे

मंगळवार, ११ नोव्हेंबर

भिंतीला पुन्हा घाम! सकाळी आईच्या पलंगामागे हात लावला तर बोटं काळी झाली. परवाच ब्लीच लावून घासली होती. मी पुसत राहायचं आणि हिने परत काळं व्हायचं.

भिंतीपलीकडे मोरी, मोरीत कपडे वाळवायचा ड्रायर. दुकानदार म्हणाला होता — "याला बाहेर नळी काढायला नको. वाफेचं पाणी करतो आणि डब्यात धरतो." धरतो! अर्धं धरतो. उरलेलं आईच्या छातीत जातं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

नर्स शोना येऊन गेली. आईची छाती तपासली, मग भिंत. अंगणात मला म्हणाली, "हे बघा फिनले, मी चोवीसला परत येईन. ओल अशीच असली तर मला वर लिहावं लागेल. त्यांना शहरातल्या वृद्धाश्रमात हलवतील."

आई चौऱ्याऐंशीची. माझ्या जन्माच्या वेळी सोडलं तर या गावाबाहेर एक रात्र काढलेली नाही. तिथे तिच्या उशाशी बसून बायबलमधलं वचन कोण वाचणार?

प्रार्थनेला बसलो. शब्द आले नाहीत, राग आला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दुरुस्तीवाला डोनी आला. ड्रायरच्या पोटातून कपड्यांच्या तंतूंचे बोळेच्या बोळे काढले. "यात एक अख्खी मेंढी होती की." आतली जाळी नळाखाली धुतली, दाराचं रबर बदललं. मग म्हणाला, "थोडी वाफ तरीही सुटणार. नव्या कोऱ्या यंत्रातूनही सुटते. खिडकी उघडी ठेवत जा."

"ती उघडत नाही."

जवळ जाऊन पाहिलं त्याने. "उघडेल कशी? खिळे कुणी मारले?"

"वारा फार येतो."

"या बेटावर वारा येत नाही अशी खिडकी दाखवा मला."

तो हसला. मी नाही. चहासुद्धा विचारला नाही. आमच्या दारातून माणूस बिनचहाचा गेला, असं कधी झालं नव्हतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

खिळे मी मारले. इथे तरी खरं लिहावं.

रविवार देवाचा, त्या दिवशी काम करणं पाप; या गावात तेव्हा दोरीवर कपडा दिसत नाही. शनिवारी अंधार पडायच्या आत दोऱ्या रिकाम्या होतात, चिमटेसुद्धा आत जातात. पण आईला दोन वर्षं झाली, अंथरुणात लघवी झालेली कळत नाही. चादरी वार बघून ओल्या होत नाहीत. म्हणून ड्रायर घेतला. आणि मोरीची खिडकी नेमकी चर्चच्या रस्त्यावर! दुपारी बारा वाजता सगळं गाव तिथून जातं. सगळ्यांत पुढे शेजारचा टॉरमॉड, चर्चचा पंच, आणि त्याची बायको मॅरायड. घरघर त्यांच्या कानी पडू नये म्हणून खिळे. दाराखाली टॉवेल. मग उरलेले सहा दिवसही वाफ तिथेच कोंडलेली.

आणि राग कुणावर काढला? दुकानदारावर. शोनावर. डोनीवर.

रविवार, १६ नोव्हेंबर

चादरी ओल्या. ड्रायर लावला. भिंतीला घाम. खिळे तसेच. हिंमत झाली नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज लापशी भरवताना आई म्हणाली, "मोरीची खिडकी तू माझ्यामुळे बंद केलीस ना?"

"तुझ्यामुळे कशाला?"

"म्हातारी अंथरूण ओलं करते हे रस्त्यावर कळायला नको. लाज वाटते तुला."

चमचा वाटीत ठेवला. म्हटलं, "आई, रविवारी धुणं चालतं हे कळू नये म्हणून केलं. तूच शिकवलंस ना आम्हाला? रविवारचं पाणीसुद्धा तू शनिवारीच भरून ठेवायचीस."

"आणि गाय? रविवारी गाईचं दूध कोण काढायचं? तुझा बाप?" खोकली. बराच वेळ खोकली. "कास तटतटून गाय ओरडत असताना तिला थांब म्हणायला देवाने सांगितलं नाही कधी. दुखणाइताचं करू नको असं तरी कुठे सांगितलंय? हातोडा आण जा."

दोन वर्षं ती पलीकडे पडून घरघर ऐकत होती. आणि तिला वाटत होतं, मला तिची लाज वाटते. हा राग आता कुणावर काढू?

नऊ खिळे होते. एक वाकडा होऊन आत मोडला, तरी खिडकी उघडली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

दोन दिवस आरपार वारा. भिंत हाताला कोरडी लागते. काळे डाग आहेत. घासतो आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

उद्या शोना येणार. येऊ दे.

पहाटे चादरी ओल्या. धुऊन होईपर्यंत बारा वाजत आले, बाहेर ऊन आणि वारा. ड्रायरला हात लावला नाही. सगळ्या दोरीवर टाकल्या, रस्त्यासमोर. चिमटे कमी पडले, कोपरे हातात धरून उभा राहिलो. टॉरमॉड आणि मॅरायड चर्चला निघाले होते. मॅरायडने पाहिलं आणि वळून घरात गेली. म्हटलं, संपलं. तर ती चिमट्यांची पिशवी घेऊन कुंपणाशी आली.

"दर रविवारी घरघर ऐकू येते रे," म्हणाली. "दोन वर्षं वाट बघतेय, कधी काही मदत मागशील."