विहीणबाईंच्या पंगतीतला पाहुणा आवाज

मंगळवार पेठ, कोल्हापूर

ती. केरबादाजींना धाकट्या मेव्हण्याचा, जोतीरामचा, वाकून नमस्कार.

आक्काचा गुडघा कसा आहे? व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या पोरीवर ती ओरडत असेल, तर बरी होत आली म्हणायची. फोन न करता पत्र टाकतोय, कारण तुमच्या घरात फोन कुणाचाही आला तरी ऐकते आक्काच. म्हणून पत्ता दूध संस्थेचा घातलाय. वाचून खिशात ठेवू नका, धुण्याआधी ती खिसे बघते.

तर तेजस्वीचा साखरपुडा झाला. (अंगठ्या घालून झाल्या, लग्नाची तारीख तेवढी राहिली. ती का राहिली तेच सांगायला बसलोय.) माझा जन्म दुसऱ्यांच्या लग्नात माईक-स्पीकर लावण्यात गेला, तेव्हा पोरीच्या कार्यात परक्याचा स्पीकर वाजू द्यायचा नाही हे ठरलेलं होतं. पण कार्यालयात वर हॉल, खाली पंगत. हॉलात सनई पाहिजे, पंगतीला जुनी गाणी. आणि आक्का मुरगूडहून व्हिडिओ कॉलवर सोहळा बघणार, तिचा आवाज फक्त माझ्या कानात. (तिचा आवाज चारचौघांत सोडण्यासारखा नसतो, हे तुम्हाला मी काय सांगू?) कॉम्प्युटर एक आणि वाटा तीन! मग आठवलं, तुमच्या राजवीरनं पुण्याला जाताना गिटारचा प्रोसेसर माझ्याकडं ठेवलाय. पायानं दाबायच्या बटणांची पेटी ती; गिटारचा आवाज आत घातला की रडका, घोगरा, पाहिजे तसा काढून देते. तीच कॉम्प्युटरला जोडली, की मागच्या भोकांतून वेगवेगळ्या स्पीकरला वेगवेगळा आवाज सोडता येतो. हे मी कुणाला न विचारता शोधून काढलं. वर सनई, खाली गाणी, हेडफोनात आक्का. सगळं असं झकास चाललं होतं की मी स्वतःच स्वतःला मान डोलावली.

पंगत बसली. मी कोपऱ्यात कॉम्प्युटरपाशी. विहीणबाईंचं जिलबी वाढणाऱ्याला झापून झालं आणि मग त्यांनी मला हाक मारली, "अवो व्याही, हितंबी सनई लावा की!" वरमाईची फर्माईश, तीही भर पंगतीत, नाही म्हणायची सोय असते का? घाईनं सगळ्या वाटण्या मोडल्या आणि सगळीकडं सगळं सोडलं. सनई खाली आली. तिच्या मागोमाग आक्काही आली. त्यात धांदलीत माझा पाय पेटीच्या बटणावर पडला, आणि त्यानं आक्काचा आवाज असा खोल उतरवला की बाईचा पार गडी झाला! स्पीकर गरजला, "पोरगं काजूचा गर हाय, पण आई म्हंजे नुसतं... टरफल! हात लावला की पोळतंय."

दाजी, माणसं आजऱ्याची, काजूच्या कारखान्याची. टरफलाचं तेल कसं पोळतं ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही. मठ्ठा वाढणारा वाकलेला तसाच राहिला. व्याही अमरसिंहरावांना ठसका लागला. (माझ्या कानाला ते हसू वाटलं. विहीणबाईंच्याही कानाला तसंच वाटलं असावं, कारण पाण्याचा तांब्या त्यांनी लांब सरकवला.) मग त्यांनी ताटातच हात धुतला आणि एवढंच म्हणाल्या, "ह्यो पावणा कोण? त्यो समोर आल्याबिगर तारीख धरायची न्हाय."

तेव्हापासून तेजस्वी माझ्याशी धड बोलत नाही. "पप्पा, तुमचा स्पीकर..." एवढं म्हणते आणि डोळे पुसत आत जाते. आक्काचं नाव सांगावं, तर लग्नात विहिणीची ओटी भरायला आत्याच पुढं होणार. त्या दोघी समोरासमोर आल्या तर मांडव मला परत बांधायला लागेल. म्हणून गप्प बसलो.

आपला,
जोतीराम

ता.क. : गप्प बसलो हे तितकंसं खरं नाही. आवाज गड्याचा होता, म्हणून तुमचं नाव सांगितलं. रविवारी आजऱ्याला जायचंय, गाडी घेऊन येतो. तुम्ही फक्त हात जोडायचे, बोलायचं मी बघतो.

आणखी एक ता.क. : न केलेल्या गुन्ह्याची माफी मी का मागू, असं म्हणाल. पंगतीच्या गलक्यात बाकी कुणाला ऐकू गेलं नाही, पण माझ्या कानात हेडफोन होता. "आई म्हंजे नुसतं" म्हणून आक्का शब्दासाठी अडली, तेव्हा मागून हळूच "टरफल म्हण, टरफल" असं कोण म्हणालं, दाजी? सदरा इस्त्रीचा घाला.